लिदित्से : नकाशावरून पुसलेले गाव

मध्य युरोपातील झेक देशाची राजधानी प्राग. या नगरापासून वायव्येस सुमारे वीस किलोमीटर गेले म्हणजे क्लाद्नो हे कोळशाचे आणि पोलादाचे शहर जवळ येऊ लागते. त्याच्या अलीकडेच रस्त्याच्या एका बाजूला एक उथळ खोरे दिसते. तळाशी लहानसा ओढा, दोन्ही अंगांनी हळूहळू चढत गेलेली हिरवळ, मधूनमधून काही वृक्ष. गावोगावची देवळे, वाडे, चौक पाहत आलेल्या प्रवाशाला येथे पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडावा. या हिरवळीच्या जागी एक गाव होते, आणि ते आता तेथे नाही, हेच येथे पाहावयाचे असते. त्या गावाचे नाव लिदित्से.

एखाद्या गावाचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः त्याच्या स्थापनेपासून आरंभ करतो आणि त्याच्या वास्तूंपाशी येऊन थांबतो. लिदित्सेचा इतिहासही तसाच सांगता येतो. मात्र त्याच्या मध्यभागी एक रात्र येते, आणि त्या रात्रीनंतर वास्तू, माणसे आणि नाव या तिन्ही गोष्टींची ताटातूट होते. त्या तिन्हींचे पुढे काय झाले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जुन्या कागदपत्रांत लिदित्सेचा पहिला उल्लेख आढळतो तो इसवी सन १३१८ मधला. म्हणजे गाव निदान सव्वासहाशे वर्षांचे तरी होते. बोहेमियाच्या इतिहासात जी वादळे आली ती या खोऱ्यावरूनही गेली. पंधराव्या शतकातील धर्मयुद्धे आणि सतराव्या शतकातील तीस वर्षांचे युद्ध यांनी झेक भूमीतील असंख्य खेडी उद्ध्वस्त केली, आणि शेतकऱ्यांनी ती पुन्हापुन्हा वसवली. लिदित्सेतील सेंट मार्टिनचे चर्च मूळचे चौदाव्या शतकातले. अठराव्या शतकात ते त्या काळच्या बरोक शैलीत नव्याने उभारले गेले. खोऱ्याच्या उतारावरील हे चर्च, त्याच्याजवळची शाळा, खाली ओढा आणि तळे, एका कडेला होराक कुटुंबाचा मोठा शेतवाडा, आणि या सर्वांभोवती शंभराच्या आसपास घरे. गावाच्या खुणा म्हणाल तर एवढ्याच होत्या. राजेरजवाड्यांचा येथे मुक्काम पडला नाही, की कोणती मोठी लढाई झाली नाही.

एकोणिसाव्या शतकात क्लाद्नो परिसरात कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने निघाले, आणि लिदित्सेचे जीवन पालटले. केवळ जमिनीवर पोट भरणे ज्यांना कठीण जात होते त्यांना रोजगार मिळाला. बाप खाणीत, मुलगा पोलादाच्या कारखान्यात, आणि घरच्या स्त्रिया परसातील भाजीपाला, कोंबड्या आणि शेताचा तुकडा सांभाळीत आहेत, असे चित्र घरोघर दिसू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी गावाची वस्ती सुमारे पाचशे होती. कष्टकऱ्यांचे, शेजाऱ्याला शेजाऱ्याचे सर्व काही ठाऊक असणारे, असे ते गाव होते. पुढे त्याच्यावर जे ओढवले, त्याला पात्र ठरण्याजोगे कोणतेही कृत्य या गावाने केले नव्हते, हे येथेच सांगून ठेवले पाहिजे.

आता त्या काळाकडे वळू. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिच येथे ब्रिटन आणि फ्रान्स यांनी झेकोस्लोव्हाकियाचा सरहद्दीचा प्रदेश हिटलरच्या स्वाधीन करण्यास मान्यता दिली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले आणि बोहेमिया व मोराविया हे प्रांत जर्मनीचे ‘संरक्षित राज्य’ म्हणून जाहीर झाले. सप्टेंबर १९४१ मध्ये तेथील कारभार राइन्हार्ट हायड्रिख या नाझी अधिकाऱ्याच्या हाती आला. ज्यूंच्या संहाराची यंत्रणा उभारणाऱ्यांपैकी हा एक प्रमुख पुरुष. प्रागमध्ये पाऊल ठेवताच त्याने लष्करी कायदा पुकारला आणि फाशीची व गोळ्या घालण्याची सत्रे सुरू केली.

लंडनमध्ये त्या वेळी अध्यक्ष एद्वार्द बेनेश यांचे निर्वासित झेकोस्लोव्हाक सरकार होते. ब्रिटनमध्ये शिक्षण दिलेले काही झेक आणि स्लोव्हाक सैनिक हवाई छत्रीने मायभूमीत उतरवण्यात आले. त्यांतील योझेफ गाबचीक आणि यान कुबिश या दोघांनी २७ मे १९४२ रोजी प्रागच्या एका वळणावर हायड्रिखच्या उघड्या मोटारीवर हल्ला केला. हायड्रिख जखमी झाला आणि ४ जून रोजी रुग्णालयात मरण पावला. हल्लेखोरांचा माग लागत नव्हता. नाझी सत्तेला अपराधी सापडत नव्हते आणि सूड तर तातडीने हवा होता. लिदित्सेवर जे कोसळले ते या दोन गोष्टींच्या मधल्या पोकळीतून.

त्याला निमित्त झाले एक पत्र. स्लानी नावाच्या जवळच्या शहरातील एका कारखान्यात काम करणाऱ्या तरुणीला तिच्या प्रियकराने ते लिहिले होते. तो विवाहित होता, संबंध तोडू पाहत होता, आणि आपण काही गुप्त कामगिरीवर असल्याचा आभास त्याने शब्दांतून निर्माण केला होता. ते पत्र कारखान्याच्या मालकाच्या हाती पडले आणि त्याने ते पोलिसांकडे पोहोचवले. चौकशीत लिदित्सेच्या होराक कुटुंबाचे नाव निघाले. त्या घरचा एक मुलगा आणि गावातल्याच स्त्रिबर्नी कुटुंबाचा एक मुलगा, असे दोघे देशाबाहेर पडून ब्रिटिश विमानदलात दाखल झालेले होते. एवढा धागा गेस्टापोला पुरेसा वाटला. गावाची झडती झाली. ना शस्त्रे सापडली, ना बिनतारी यंत्र, ना कोणी छत्रीधारी सैनिक. हल्ल्याशी गावाचा संबंध जोडणारा पुरावा हाती आला नाही. तरीसुद्धा ९ जून रोजी बर्लिनमध्ये हायड्रिखचा अंत्यविधी उरकल्यावर हिटलरची आज्ञा सुटली आणि कार्ल हेर्मान फ्रांक या अधिकाऱ्याने ती प्रागला कळवली. आज्ञा थोडक्यात अशी होती : पुरुषांना गोळ्या घालाव्यात, स्त्रियांना छळछावणीत पाठवावे, मुले वेगळी काढावीत आणि गाव जमीनदोस्त करावे.

त्याच रात्री गावाला वेढा पडला. आत येणाऱ्याला येऊ देत होते, बाहेर मात्र कोणालाही जाऊ देत नव्हते. पहाटेपूर्वी स्त्रिया व मुले यांना शाळेत गोळा केले गेले आणि तेथून क्लाद्नोला नेण्यात आले. पंधरा वर्षांवरील पुरुषांना होराकांच्या शेतवाड्यात कोंडले होते. १० जूनच्या सकाळी वाड्याच्या भिंतीला घरोघरच्या गाद्या आणून टेकवण्यात आल्या. गोळ्या भिंतीवर आपटून उलट फिरू नयेत एवढ्यासाठी ही तजवीज होती. पुरुषांना प्रथम पाच-पाच आणि मग दहा-दहा अशा गटांनी बाहेर आणले गेले. दुपारपर्यंत १७३ जण मारले गेले. गावाचे धर्मगुरू योसेफ श्टेंबेर्का हे ७३ वर्षांचे वृद्धही त्यांत होते.

त्या रात्री जे गावात नव्हते तेही सुटले नाहीत. रात्रपाळीवर गेलेले कामगार परतताच पकडले गेले. त्यांना आणि होराक व स्त्रिबर्नी कुटुंबांतील माणसांना पुढे प्रागच्या कोबिलिसी भागातील गोळीबाराच्या मैदानावर ठार करण्यात आले. अशा रीतीने गावचे १९२ पुरुष गेले. विमानदलातील ते दोन तरुण दूर असल्याने वाचले. आणखी एक गृहस्थ वाचला, आणि त्याच्या वाचण्याची कथा विलक्षण आहे. घरगुती भांडणात त्याच्या हातून स्वतःच्या मुलाचा मृत्यू घडला होता, आणि त्याबद्दल तो तुरुंगवास भोगत होता. डिसेंबर १९४२ मध्ये शिक्षा संपवून तो घराकडे चालत निघाला आणि खोऱ्याच्या काठावर आला, तेव्हा त्याला समोर बर्फाखेरीज काहीच दिसले नाही. गावाला काय झाले हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

स्त्रिया आणि मुले यांना क्लाद्नोच्या शाळेच्या व्यायामशाळेत गवतावर तीन दिवस ठेवले गेले. नंतर मुलांना मातांपासून ओढून वेगळे केले. मुले पुढे जातील आणि तुमची वाट पाहतील, असे मातांना सांगण्यात आले होते. स्त्रियांची रवानगी जर्मनीतील रावेन्सब्रुक येथील स्त्रियांच्या छळछावणीत झाली. मुलांना पोलंडमधील लोड्झ शहरी नेले. नाझींच्या वंशशास्त्राप्रमाणे ‘जर्मन होण्यास योग्य’ अशी थोडी मुले त्यांतून निवडून जर्मन घरी देण्यात आली. बाकीच्या मुलांनी तेथून नातलगांना चार ओळींची कार्डे लिहिली. त्यांत कपडे आणि भाकरी मागितलेली आहे. ती कार्डे आज जपून ठेवलेली आहेत. त्यानंतर खेल्म्नो येथे विषारी वायूच्या गाड्यांत ८२ मुलांचा अंत करण्यात आला. माता रावेन्सब्रुकमध्ये त्यानंतरही तीन वर्षे मुलांच्या भेटीची आशा बाळगून होत्या.

एवढ्यानेही काम संपले नव्हते. गावाचे अस्तित्वच नाहीसे करावयाचे होते. आपल्या भाषेत ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ असा एक जुना वाक्प्रचार आहे. लिदित्सेवर तो अक्षरशः खरा करण्याची योजना आखली गेली. घरे प्रथम जाळली, मग सुरुंगांनी उडवली. चर्च आणि शाळा पाडली. कबरस्तान उकरले. फळझाडे तोडली. तळे बुजवले आणि ओढ्याचा प्रवाह दुसरीकडे वळवला. दगडविटा वाहून नेल्या आणि वर माती पसरली. हे काम पुढे कित्येक महिने चालू होते, आणि त्याचे चलच्चित्रही घेतले जात होते. आपल्या पराक्रमाची नोंद म्हणून घेतलेले हेच चित्रण युद्धानंतर न्युरेंबर्गच्या न्यायालयात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवले गेले.

येथवर जे घडले ते त्या युद्धात पूर्व युरोपातील शेकडो खेड्यांच्या वाट्याला आले आहे. पोलंड, बेलारूस, युक्रेन या देशांत अशी गावे मोजता मोजता थकून जावे. मग लिदित्सेचेच नाव जगाच्या तोंडी का झाले? त्याचे पहिले कारण असे की, मारेकऱ्यांनी स्वतःच ते जाहीर केले. इतरत्र असली कृत्ये लपवली जात. येथे मात्र झेक जनतेला दहशत बसावी म्हणून जर्मन आकाशवाणीने त्याच दिवशी ती वार्ता प्रसारित केली. पुरुष गोळ्यांना बळी पडले आहेत, स्त्रिया छावणीत आहेत, मुलांची ‘योग्य’ संगोपनासाठी सोय केली आहे, घरे जमीनदोस्त आहेत आणि गावाचे नाव पुसले गेले आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. एखादे नाव पुसल्याचे सांगावयाचे तर ते नाव उच्चारावे लागते. त्या एका निवेदनाने, ज्या गावाची क्लाद्नोच्या पलीकडे कोणालाही फारशी माहिती नव्हती, त्याचे नाव जगातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर नेले.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ते नाव ऐकून अनेक ठिकाणच्या साध्या माणसांनी काही कामे हाती घेतली. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जॉलिएट शहराजवळच्या एका लहान वस्तीने जुलै १९४२ मध्ये आपले नाव बदलून लिदित्से असे ठेवले. मेक्सिको नगरीतील सान हेरोनिमो या भागाच्या नावाला त्याच वर्षी लिदित्सेची जोड मिळाली. लॅटिन अमेरिकेत नवजात मुलींना हे नाव देण्याची प्रथा पडली आणि ते तेथे आजही ऐकू येते. अमेरिकेत आश्रय घेतलेला झेक संगीतकार बोहुस्लाव मार्तिनू याने १९४३ साली या गावाच्या स्मृतीसाठी वाद्यवृंदाची एक रचना केली. त्याच वर्षी हम्फ्री जेनिंग्ज या ब्रिटिश दिग्दर्शकाने वेल्समधील एका खाणकामगारांच्या खेड्यात, तेथल्याच रहिवाशांना घेऊन, ‘दि सायलेंट व्हिलेज’ हा चित्रपट तयार केला. लिदित्सेवर जे ओढवले ते आपल्या गावावर ओढवले असते तर काय झाले असते, हे त्या वेल्श माणसांनी त्यात करून दाखवले.

या सर्वांत इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहराची हकीकत विशेष सांगण्याजोगी आहे. कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या. बार्नेट स्ट्रॉस नावाचे एक डॉक्टर तेथे नगरसेवक होते आणि खाणकामगारांचे रोग हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. लिदित्सेचे पुरुष खाणकामगार होते हे त्यांच्या ध्यानात आले, आणि ‘लिदित्से जगेल’ या घोषणेने त्यांनी एक चळवळ सुरू केली. ६ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे भरलेल्या सभेला अध्यक्ष बेनेश स्वतः उपस्थित होते. खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी दिली. युद्ध चालू होते, शिधा मोजून मिळत होता, आणि ज्याच्या पुनर्बांधणीसाठी पैसे जमवायचे ते गाव शत्रूच्या ताब्यात होते. तरीही काही वर्षांत सुमारे ३२ हजार पौंड जमले. गाव पुसले जाऊन तीन महिने झाले नव्हते, तेवढ्यात दुसऱ्या देशातील माणसे ते पुन्हा बांधण्याच्या खटपटीला लागली होती.

पण स्मृतीचा न्याय नेहमी समान नसतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. लिदित्सेनंतर दोनच आठवड्यांनी, २४ जून १९४२ रोजी, पूर्व बोहेमियातील लेझाकी ही अगदी लहान वाडी नाझींनी जाळली. तेथील रहिवाशांनी छत्रीधारी सैनिकांच्या बिनतारी यंत्राला खरोखरच आसरा दिला होता. जाणूनबुजून, परिणाम ओळखून त्यांनी हे धाडस केले होते. वाडीतील ३३ प्रौढ माणसांना ठार करण्यात आले. तेरा मुलांपैकी अकरा मारली गेली आणि फक्त दोन बहिणी परतल्या. लेझाकी पुन्हा वसली नाही. तेथे घरांच्या जागी आता दगडी स्मृतिचौथरे आहेत. झेक देशाबाहेर तिचे नाव फार थोड्यांना माहीत आहे. लिदित्सेचे नाव टिकले ते एखाद्या अटळ नियमामुळे टिकले असे मानू लागलो, तर लेझाकीकडे पाहावे. ज्या नावासाठी पुष्कळ हात राबतात ते नाव पुष्कळांना ठाऊक होते.

मे १९४५ मध्ये युद्ध संपले आणि रावेन्सब्रुकमधून सुटलेल्या स्त्रिया घरी येण्यास निघाल्या. साठ स्त्रिया मृत्यू पावल्या होत्या, १४३ परतल्या. पुष्कळ जणींना वाटेतच, कोणाला देशाच्या सरहद्दीवर, कळले की घरी कोणीही नाही आणि घरही नाही. मुलांचा शोध दोन वर्षे चालला. गावच्या १०५ मुलांपैकी १७ सापडली, आणि शेवटचे मूल १९४७ साली परत आले. या पुनर्भेटी ज्यांनी पाहिल्या त्यांना एक गोष्ट विसरता आली नाही. जर्मन घरी वाढलेली यांपैकी काही मुले मातृभाषा पार विसरून गेली होती. छळछावणीतून वाचून आलेली आई झेक भाषेत बोलत होती, आणि तिचे मूल फक्त जर्मन समजत होते. आई आणि लेकरू यांच्यामध्ये दुभाषी बसवावा लागला. घरे पाडण्यापेक्षा, कबरी उकरण्यापेक्षाही हा घाव खोलवर गेलेला होता. त्या मुलांपैकी पंधरा वर्षांच्या एका मुलीने १९४७ साली न्युरेंबर्ग येथे न्यायासनापुढे उभे राहून साक्ष दिली. कार्ल हेर्मान फ्रांकला त्यापूर्वीच, २२ मे १९४६ रोजी, प्रागमध्ये फाशी देण्यात आले होते.

मग गाव पुन्हा उभे राहिले ते कसे? जून १९४५ मध्ये त्या ओसाड खोऱ्यात सभा भरली आणि लिदित्से पुन्हा बांधण्याचा सरकारचा निर्णय जाहीर झाला. जुन्या जागेवर बांधावे की दुसरीकडे, हा प्रश्न होता. जुनी भूमी मोकळी ठेवावी आणि तिच्याशेजारीच, काही शे पावलांवर, नवे गाव वसवावे, असे ठरले. जून १९४७ मध्ये कोनशिला बसली आणि पुढील वर्षी बांधकामास आरंभ झाला. एकूण १५० घरे बांधली गेली. त्यांत छळछावणीतून आलेल्या विधवा राहू लागल्या, परतलेली मुले राहू लागली, आणि नवे शेजारीही आले. काहींनी पुन्हा संसार मांडले. खिडकीतून रोज आपल्या जुन्या घराची जागा दिसेल अशा ठिकाणी राहावयाचे, हा निर्णय त्या स्त्रियांनी मन घट्ट करून घेतला असला पाहिजे. गाव परत आले असे म्हणावयाचे तर ते त्यांच्या या राहण्यामुळे.

आता आपण लिदित्सेच्या आजच्या खुणांकडे येऊ. मोकळ्या सोडलेल्या खोऱ्यात चर्चच्या आणि शाळेच्या पायाच्या रेषा दिसतात. होराकांच्या वाड्याच्या पायाचे दगडही उघडे केलेले आहेत. त्याच्या जवळ १७३ पुरुषांची सामूहिक कबर असून तिच्यापाशी लाकडी क्रूस उभा आहे. त्या विध्वंसातून वाचलेले नाशपातीचे एक जुने झाडही येथे दाखवले जाते. जेथे इतर गावे आपली घरे दाखवतात तेथे हे गाव घरांच्या जागा दाखवते. एवढ्या मोकळ्या जागेचा अर्थ कळावा म्हणून शेजारी संग्रहालय आहे. १९६२ साली या सर्व परिसराला राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला.

जुनी भूमी आणि नवे गाव यांच्यामध्ये गुलाबांची बाग आहे. तिची कल्पनाही त्याच डॉक्टर स्ट्रॉस यांची. जगातील देशांनी गुलाबांची रोपे पाठवावीत असे आवाहन त्यांनी केले. ३२ देशांतून रोपे आली आणि १९ जून १९५५ रोजी बाग खुली झाली. पण बागेचे आयुष्य माळ्यावर अवलंबून असते. झेकोस्लोव्हाकियातील साम्यवादी राजवट १९८९ साली कोसळली. त्या राजवटीने या गावाच्या स्मृतीचा आपल्या प्रचारासाठी पुष्कळ वापर केला होता. ती गेल्यावर काही काळ लोकांचे लक्ष उडाले, आणि बाग दुर्लक्षित होऊन झुडपांनी भरून गेली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती पुन्हा लावण्यात आली. सरकारी समारंभांनी टिकवलेली स्मृती सरकारबरोबर सुकू लागते आणि मग तिला नव्याने पाणी घालणारे कोणी लागते, हा धडा या बागेत प्रत्यक्ष दिसतो.

सर्वांत अधिक वेळ माणूस थबकतो तो खोऱ्याच्या उतारावरील मुलांच्या पुतळ्यांपुढे. मारिए उखितिलोवा या झेक शिल्पकार स्त्रीने १९६९ साली हे काम हाती घेतले. मारल्या गेलेल्या ८२ मुलांच्या, म्हणजे ४२ मुली आणि ४० मुलगे यांच्या, पूर्णाकृती मूर्ती करण्याचा तिचा संकल्प होता. वीस वर्षे ती हेच काम करत राहिली. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये तिचा मृत्यू झाला तेव्हा साऱ्या मूर्ती प्लास्टरमध्ये तयार होत्या, पण ब्राँझमध्ये ओतलेली मूर्ती उभी पाहणे तिच्या नशिबी नव्हते. उरलेले कार्य तिच्या पतीने देणग्या जमवून पार पाडले. पहिल्या मूर्ती १९९५ मध्ये आणि शेवटच्या २००० मध्ये बसल्या. थोरली मुले मागे, लहानगी पुढे, कोणी कोणाचा हात धरलेला, अशी ती मंडळी ओसाड खोऱ्याकडे तोंड करून उभी आहेत. त्यांच्या पायांशी येणारे लोक खेळणी ठेवून जातात.

आणि शेवटची खूण अशी की, ती दगडाची नाही, धातूचीही नाही. १९६७ सालापासून लिदित्से येथे मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते. १९७३ पासून ते आंतरराष्ट्रीय झाले. जगभरातून मुले आपली चित्रे त्या गावी पाठवतात. त्यांत भारतातील शाळकरी मुलांची चित्रे असतात, आणि त्यांपैकी अनेकांना तेथे पारितोषिकेही मिळाली आहेत. आपली चित्रे कोठे चालली आहेत, त्या गावी काय घडले होते, हे त्या मुलांपैकी काहींना त्यांच्या शिक्षकांनी सांगितलेही असेल. ज्यांनी सांगितले नसेल त्यांनी सांगावे, असे वाटते.

लिदित्सेचे ३४० लोक गेले : १९२ पुरुष, ६० स्त्रिया आणि ८८ मुले. यांपैकी कोणीही परत आलेले नाही, आणि नाव जगभर पसरले म्हणून ती हानी भरून निघत नाही. गाव पुसण्याचा हुकूम जवळजवळ पूर्ण अमलात आला होता, हे मान्य केलेच पाहिजे. तो पूर्णत्वास गेला नाही, याचे श्रेय वेल्समधील खेडुतांकडे जाते, मजुरीतला वाटा काढून देणाऱ्या खाणकामगारांकडे जाते, वीस वर्षे माती कालवत बसलेल्या एका शिल्पकर्तीकडे जाते, आणि सर्वांत अधिक त्या १४३ स्त्रियांकडे जाते, ज्या आपल्या गावाच्या शेजारी पुन्हा राहावयास आल्या. त्या दिवसांचे साक्षीदार आता सरत आले आहेत. नव्या लिदित्सेत आज पाच-सहाशे माणसे राहतात. सकाळी तेथील मुले शाळेला निघतात, माणसे क्लाद्नोला आणि प्रागला कामाला जातात, आणि पलीकडच्या मोकळ्या खोऱ्यातले गवत कोणीतरी वेळच्या वेळी कापत असते.